छतावरचं समुद्रस्नान

मंगला गौरी, वाराणसी
७ नोव्हेंबर २०२५

देवदत्तभावजी,

आधी नमस्कार, मग तक्रार. तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मी इथून ओरडायचं, तुम्ही तिथून "जरा मोठ्यानं" म्हणायचं, आणि गल्लीतल्या लोकांनी दारात येऊन विचारायचं की पंडितजींच्या घरी झगडा कशाचा चाललाय. म्हणून लिहिते. आमच्या खालच्या खोलीत रुची नावाची मुलगी भाड्यानं राहते, साताऱ्याकडची, बँकेत आहे. ती या कागदाचा फोटो काढून तुमच्या सूनबाईच्या फोनवर पाठवेल. तुम्हीही तसंच करा. अक्षर मात्र सुधारा.

तुमची सगळी नोकरी मिरजेला पाणीपुरवठ्यात गेली. पाण्यातलं देवदत्तला कळतं, असं हे नेहमी म्हणतात. म्हणून विचारते. मिठाच्या पाण्याचा टब म्हणजे काय?

हसू नका, सगळं सांगते. ह्यांचं खुब्याचं हाड मोडलं त्याला दीड वर्ष झालं. ऑपरेशन झालं, पण पंचगंगा घाटाच्या पायऱ्या सुटल्या त्या सुटल्याच. डॉक्टर म्हणाले, रोज गरम पाण्यात बसून पाय हलवा. हे आमच्या चिरंजीवांनी, रोहननं, कॅनडात ऐकलं आणि दिल्लीहून एक टब धाडला. टब म्हटल्यावर तुम्हाला बादलीचा मोठा भाऊ वाटेल. नाही हो! दोन माणसं आरामात बसतील एवढी टंकी आहे. आत बसायला कट्टा, खाली मोटर, बाजूंनी फवारे, आणि पाणी तापवून तसंच गरम ठेवणारं यंत्र. गल्लीतून तो शिरेना. मग नावेतून संकठा घाटाला आणला, मल्लाहांनी दोरखंड बांधून वर ओढला आणि शेवटी शेजारच्या ढुंढिराजांच्या छतावरून आमच्या छतावर उतरवला. अख्खा मोहल्ला बघायला लोटला होता. एक म्हातारी तर हात जोडून उभी राहिली, तिला वाटलं कुठली मूर्ती आली.

उन्हाळा-पावसाळा हे रोज सकाळी त्यात बसले. मंत्र म्हणत पाय हलवायचे. वॉकर सोडून काठीवर आले. आणि दिवाळीच्या पाडव्यापासून बंद! एकदम बंद. म्हणे पाण्यातलं औषध अंगाला जाळतं. पाठीवर लाल चट्टे उठले होते हे खरं, पण ते केव्हाच गेले. हे मात्र छतावर पाय ठेवायला तयार नाहीत. पुन्हा वॉकर आला. परवा डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, माताजी, पाय असाच राहिला तर सांधा धरेल. संक्रांतीपर्यंत काय ते दिसेल, नंतर खाटेवरच. भावजी, ह्यांना खाटेवर बघायची माझी तयारी नाही.

रोहनला चट्ट्यांचं सांगितलं तर त्यानं एक नवीनच दांडा पाठवला, वायर लावलेला. म्हणतो, औषधाच्या गोळ्या बंद कर, मीठ टाक, म्हणजे पाणी आपोआप साफ राहील. मीठ? लोणचं घालायचंय का? कोणतं टाकू, किती टाकू, आणि ह्यांची कातडी त्यात मुरायची नाही ना? सोबतचा कागद इंग्रजीत आणि चिनीत आहे. रुचीला दोन्हींतून सारखंच कळलं.

लवकर लिहा.

बकुळ


मिरज
९ नोव्हेंबर

वहिनी,

साष्टांग नमस्कार घातला असं समजा, खरंच घातला तर उठवायला सून बोलवावी लागेल. अक्षराचं म्हणाल तर जन्मभर फायलींवर शेरे मारून ते असं झालंय. तुम्ही "छत" म्हणता, आम्ही गच्ची म्हणतो. पन्नास वर्षांपूर्वी काशी सोडली, पण तुमचं पत्र वाचून कानात गल्लीच वाजायला लागली.

घाबरू नका. सोपं आहे. मिठात क्लोरीन असतं. त्या दांड्यात पत्रे असणार. वीज सुरू झाली की खाऱ्या पाण्यातून थोडं थोडं क्लोरीन सुटतं, पाण्यातले जंतू मरतात आणि त्याचं पुन्हा मीठ होतं. तुम्ही गोळ्या टाकत होतात त्या मोजून की अंदाजे? मला वाटतं अंदाजे. तुमचा अंदाज मला माहीत आहे, तुमच्या हातची आमटी खाल्लीय मी. एकदम मूठभर क्लोरीन पडलं की वास मारणारच आणि अंगावर चट्टे उठणारच. हे यंत्र बिचारं दिवसभर चिमूटचिमूट सोडतं.

आता टब पूर्ण रिकामा करा. जुनं औषध त्यात नको. आतल्या नळ्यांत बुळबुळीत थर बसलेला असेल, तो काढायचं औषध मिळतं, ते घालून मोटर फिरवा आणि ते पाणीही सोडून द्या. मग नळाचं पाणी भरा, बोअरचं नको, त्यात चुना फार. त्यानंतर मीठ. शुद्ध, बिनआयोडिनचं, काहीही न मिसळलेलं. तुमचा टब हजार लिटरचा धरला तर दोन किलो. दोन किलो, वहिनी, पोतं नाही. एवढ्यानं जिभेला जेमतेम खारट लागेल. मीठ विरघळेपर्यंत मोटर चालवा आणि मगच दांडा सुरू करा.

नरूदादाला सांगा, गंगा पोहून पलीकडच्या रेतीवर जाणारा माणूस टबाला काय घाबरतो, म्हणावं. 

देवदत्त


मंगला गौरी
१२ नोव्हेंबर

भावजी,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा डोकं जास्तच फिरलं. क्लोरीन नको म्हणून मीठ. आणि मिठातून परत क्लोरीन! मग मधे हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? रोहनला विचारलं तर तो म्हणतो, आई, देवदत्तकाका बरोबर आहेत. म्हणजे तुम्ही दोघे मिळून मला वेडी करणार.

तरी तुम्ही सांगितलं ते केलं. टब रिकामा केला. ते सगळं पाणी छताच्या पन्हाळीतून गल्लीत गेलं आणि नेमकं ढुंढिराजांच्या अंगावर. ते पूजेचं सोवळं नेसून निघाले होते. आता ते माझ्याशी बोलत नाहीत, म्हणजे ह्यांच्याशी बोलतात आणि मला ऐकू जाईल असं बोलतात.

पण खरी पंचाईत निराळीच झालीय. मी ह्यांना म्हटलं, आता औषध नाही, मिठाचं पाणी. तर पुस्तकातून मान वर न करता म्हणाले, मग ते समुद्राचं पाणी झालं. समुद्रस्नान पर्वकाळीच. एरवी समुद्राला शिवायचंसुद्धा नाही. मी म्हटलं, अहो, छतावर कुठला समुद्र? तर म्हणाले, मीठ कुठलं? समुद्राचं. पाण्यात घातलं की समुद्र आला. पौर्णिमा-अमावास्येला बसेन.

महिन्यातून दोनदा! डॉक्टर रोज म्हणतोय आणि हे पंचांग दाखवतायत. ह्यांना वाद घालून कुणी हरवलंय का आजवर? सगळी पाठशाळा हरली, मी काय चीज आहे.

पण मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही. रात्री विचार केला आणि मला तोड सापडली. सेंधा नमक! डोंगरातून निघतं ते, समुद्राशी त्याचा काय संबंध? शिवाय हे पाण्यात बसून आचमन करतात. शनिवारी एकादशी. साधं मीठ पोटात गेलं तर ह्यांचा उपास मोडेल, आणि सेंधा तर उपासालाच खातो आपण. ह्यांना सांगितलं तर गप्प झाले. पहिल्यांदा गप्प झाले, भावजी! उद्या सकाळी पंसारीकडून आणते.

बकुळ


मिरज
१४ नोव्हेंबर

वहिनी,

थांबा! सैंधव घालू नका. त्यात माती असते, लोह असतं, आणखी काय काय असतं. पोटाला चांगलं, यंत्राला वाईट. पत्र्यांवर थर बसेल आणि पाणी गढूळ होईल. आणि हे उपासाचं नवीनच ऐकतोय. मिरजेत साबुदाण्याच्या खिचडीला साधंच मीठ घालतात, कुणाला पाप लागल्याचं ऐकलं नाही. तुम्ही काशीला राहून पुऱ्या तिकडच्या झालात.

हे वाचून होईपर्यंत हात आवरा.

देवदत्त


मंगला गौरी
१७ नोव्हेंबर

भावजी,

तुम्ही "थांबा" लिहिलंत तेव्हा मी खलबत्ता धुऊन ठेवला होता.

आता ओरडू नका. दोन किलो मला फारच वाटेना. हजार लिटर पाण्याला दोन किलो म्हणजे भाजीला दाखवायचंसुद्धा मीठ नाही. म्हणून पाच घातलं. खडे होते, सगळे कुटले, खांदा भरून आला. मोटर लावली, दांडा सुरू केला आणि जेवायला खाली आले. वर गेले तर पाणी विटकरी! तळाशी गाळ, वर मळी, आणि दांड्यावरचा दिवा लाल होऊन उघडझाप करतोय. रुची म्हणाली, काकू, हे एरर दाखवतंय. मी म्हटलं, मलाही दिसतंय बाई, मी आंधळी नाही.

हे आवाज ऐकून वॉकर धरून जिन्यापर्यंत आले. चढायला किती वेळ लागला विचारू नका. वाकून पाण्यात बघितलं आणि म्हणाले, "ही वैतरणी. हिच्यात मी मेल्यावर उतरेन." आणि भावजी, एक सांगू? पाणी खराब झालेलं बघून ह्यांचा चेहरा उजळला. शाळेला सुट्टी मिळाल्यावर पोरांचा होतो ना, तसा. मला ते काही कळलं नाही. खाली उतरताना तर मला म्हणाले, तू उगाच कष्ट घेऊ नकोस गं.

वीस तारखेला अमावास्या. पर्वाला बसेन म्हणाले होते ना, मग तोवर मला पाणी साफ हवं. ह्यांचा पाय आता सकाळी जमिनीवर टेकायलाच वेळ लागतो. चहाचा कप हातात देईपर्यंत तोंड आवळून बसतात आणि ह्यांना वाटतं मला कळत नाही. सांगा काय करू. मिठाची अक्कल मला नाही हे मान्य, पुरे?

बकुळ


मिरज
१९ नोव्हेंबर

वहिनी,

ओरडत नाही. सून म्हणते मी पत्र वाचून एवढा हसलो की खोकला लागला. पण शेवट वाचून हसू गेलं.

अमावास्या आता हुकली असं धरा. टब पुन्हा रिकामा करा (ढुंढिराजांना आधी निरोप द्या). गाळ फडक्यानं पुसून काढा. दांडा बाहेर काढून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पाणी मिसळून त्यात ठेवा, पत्र्यांवरचा थर सुटेल. खरवडू नका. चमचा, सुरी, विळी, तुमच्या हाताशी जे काही असेल ते लांब ठेवा.

मिठाची काळजी मी करतो. राजस्थानात जमिनीखाली खारं पाणी आहे. ते उपसून, आटवून मीठ काढतात आणि शुद्ध करतात. ना समुद्राचं, ना डोंगरातलं. ओळखीतून दोन किलोचं पार्सल तुमच्या पत्त्यावर निघालंय. मुद्दाम दोनच किलो पाठवलंय, तुमचा हात मला माहीत आहे. दादाला सांगा, ह्यात समुद्राचा एक थेंब नाही. आता त्याचा कुठला ग्रंथ आडवा येतो बघतोच.

देवदत्त


मंगला गौरी
२९ नोव्हेंबर

भावजी,

पार्सल पोचलं. सगळं तुम्ही लिहिलं तसं केलं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. दिवा हिरवा लागला. पाणी असं स्वच्छ की तळाचे स्क्रू मोजून घ्यावेत. वास नाही, काही नाही. मी कोपरापर्यंत हात घालून बसले, थंडीत इतकं बरं वाटलं. ढुंढिराजसुद्धा बघून गेले आणि "बढ़िया" म्हणाले, म्हणजे आमचं आता बोलणं आहे.

फक्त ज्यांच्यासाठी हे केलं ते बसत नाहीत.

राजस्थानच्या मिठाचं सांगितलं. म्हणाले, बरं. मला वाटलं जिंकले! तर दुसऱ्या दिवशी म्हणे, रात्रभर ठेवलेलं पाणी शिळं. मी मल्लाहाकडून गंगेची कळशी आणवली, टबात ओतली, म्हटलं आता शिळं नाही. तर म्हणे, विजेवर तापलेलं पाणी स्नानाला नको. अहो, उन्हाळाभर काय चुलीवर तापवत होते? तसं म्हटलं तर पुस्तक मिटलं आणि भिंतीकडे तोंड करून पडले. संध्याकाळी जेवले नाहीत.

भावजी, मला भीती वाटायला लागलीय. काल ह्यांनी आपले ग्रंथ कपाटातून काढले आणि विद्यार्थ्यांना बोलावून वाटायला सुरुवात केली. हा तू घे, तो तू ने. मी विचारलं, हे काय? म्हणाले, खाटेवर पडून एवढं जड पुस्तक छातीवर पेलणार आहे का? मला वाटतं ह्यांनी मनाशी ठरवलंय. इथे लोक लांबून लांबून येऊन बसतात ना, वाट बघत. तसे हेही बसलेत. बायकोनं दोन वेळा टब घासला तरी ह्यांना त्याचं काही नाही. मला रागही येतो आणि रात्री झोपल्यावर ह्यांचा श्वास चालू आहे ना तेही बघते. मला काही म्हणता काही समजत नाही.

मीठ, समुद्र, शिळं, वीज. ह्यातलं नेमकं काय आडवं येतंय ते तरी सांगा. तुम्ही ह्यांना माझ्याआधीपासून ओळखता.

बकुळ


मिरज
१ डिसेंबर

वहिनी,

ह्यातलं काहीच आडवं येत नाही.

एक गोष्ट सांगतो, दादानं तुम्हाला कधी सांगितली नसेल. आम्ही आजीबरोबर जगन्नाथपुरीला गेलो होतो. मी बारा वर्षांचा, तो सतरा. हा जो समुद्रात शिरला तो बाहेर येईना. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. षष्ठी, सप्तमी, अष्टमी. आजी काठावर उभी राहून ओरडतेय, अरे मेल्या, आज पर्व नाही, बाहेर नीघ! आणि हा लाटेतून तोंड काढून म्हणतो, "आजी, समुद्राला पंचांग वाचता येत नाही." मार खाल्ला, पण दुसऱ्या दिवशी परत आत.

वहिनी, हा माणूस मिठासाठी पंचांग उघडणार नाही. दुसरं काहीतरी आहे आणि ते लपवायला तो शास्त्र पुढे करतोय. तुम्ही एक तोडलंत की तो दुसरं काढतो. आणि तुमची भीतीही खरी नाही. मरायचं ठरवलेला माणूस इतके वाद घालत नाही, तो "बरं" म्हणतो. पाणी घाण झालं तेव्हा त्याला आनंद झाला हे तुम्हीच लिहिलंत.

चार तारखेला पौर्णिमा आहे. त्याचा स्वतःचाच शब्द आहे की पर्वाला बसेन. पाणी साफ, मीठ राजस्थानचं, दिवस त्याच्या नियमात बसणारा. काही न बोलता त्याला वर न्या. तो काय बोलतो तिकडे लक्ष देऊ नका, तो बोलण्यात आपल्या सगळ्यांचा बाप आहे. त्याच्या हातांकडे बघा.

आणि पाडव्याला नक्की काय झालं होतं?

देवदत्त


मंगला गौरी
२ डिसेंबर

भावजी,

पाडव्याला काही झालं नाही. सण होता, गोडधोड केलं होतं, हे जेवले. माझा नवरा खोटं बोलतो असं तुम्ही लिहिलंत आणि ते रुचीनं वाचलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पौर्णिमेला बसतील ते, शब्द दिलाय त्यांनी. मग लिहीन.

बकुळ


मिरज
५ डिसेंबर

वहिनी,

काल पौर्णिमा होऊन गेली. सून दर तासाला फोन बघून मान हलवते. माझ्यावर रागावा, पण लिहा.

देवदत्त


मंगला गौरी
६ डिसेंबर

भावजी,

रागाचं सोडा. काय लिहू आणि कुठून लिहू मला समजत नाहीये, तुम्हीच लावून घ्या.

पौर्णिमेला सकाळी धुकं होतं. मी टबाचं झाकण काढलं आणि ह्यांना म्हटलं, चला. एका शब्दानं वाद नाही. पंचा खांद्यावर टाकला आणि वॉकर घेऊन आले. टबाशी लाकडी पायरी आहे, तिच्यापाशी उभे राहिले, काठावर हात ठेवला. तुम्ही लिहिलं होतं म्हणून मी हातांकडे बघितलं. दोन्ही हात थरथरत होते. मी म्हटलं, थंडी वाजते का? म्हणाले, हो. पाण्यातून वाफ येत होती, भावजी. मग म्हणाले, पौर्णिमा अजून लागायची आहे. बरं म्हटलं, थांबू. थांबलो. पौर्णिमा लागली, ऊन आलं, ढुंढिराजांच्या छतावर कपडे वाळत पडले. हे तसेच उभे. पाय पायरीवर उचलायचे आणि परत खाली ठेवायचे. मला एकदम दिसलं. हे घाबरलेत. ह्यांना मी साठीपर्यंत पुराच्या गंगेत उडी टाकताना बघितलंय, आणि हे कंबरभर टबाला घाबरलेत!

मग माझं डोकंच फिरलं म्हणा ना. मी साडीसकट आत उतरले. तुम्हाला वाटेल वहिनी धीट. कसली धीट! लग्न होऊन इथे आल्यापासून मी गंगेत साखळी धरून गुडघ्यापर्यंतच गेलेय, डोक्यावर पाणी लोट्यानं. आत पाय ठेवला, साडी फुगून वर आली, कट्टा सापडेना, आणि पाय सटकला. मुद्दाम नाही हो, अजिबात मुद्दाम नाही. डोकं पाण्याखाली गेलं. नाकातोंडात पाणी, कानात मोटर घरघरतेय, वर कुठे आणि खाली कुठे काही कळेना.

वॉकर आपटल्याचा आवाज आला आणि दंडाला हिसका बसला. हे आत होते. धोतर, पंचा, चष्मा, सगळ्यासकट. मला धरून ओरडत होते, "अगं उभी राहा! कंबरेएवढं पाणी आहे! उभी राहा, बकुळ!" उभी राहिले. बघते तर हेही उभे, दोन्ही पायांवर. दोघेही खोकतोय. मी म्हटलं, आता सोडा हात. सोडेनात. आणि मग हे रडायला लागले. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

पाडव्याला काही झालं नाही असं मी तुम्हाला ठणकावून लिहिलं होतं. झालं होतं. पाडव्याला मी दरवर्षी ह्यांना तेल लावते. यंदाही लावलं, चांगलं चोळून लावलं, पाठीला, पायांना. आणि हे तसेच, तेलाच्या अंगानं, टबात जाऊन बसले. बसले ते सटकलेच. खुबा उचलेना, हाताला काही धरवेना, जिथे धरावं तिथे तेल. पाणी तोंडावर. मोटर चालू. म्हणाले, "तुला हाका मारल्या. खूप मारल्या." मी खाली श्रीखंडासाठी चक्का फेटत होते, मशीन लावून. मला एक हाक ऐकू आली नाही. कुठल्यातरी नळीला हात लागला तेव्हा हे वर आले. काठावर बराच वेळ पडून राहिले, अंग पुसलं, खाली आले. आणि मी काय म्हटलं माहीत आहे? मी म्हटलं, किती वेळ लावलात, पुऱ्या गार झाल्या.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? मीठ काय, समुद्र काय, मला खुळ्यासारखं नाचवलंत. म्हणाले, "तेल तू लावलंस. हाक मारली ती तुलाच. सांगितलं असतं तर तू आयुष्यभर स्वतःचे हात बघत बसली असतीस." मग म्हणाले, "आणि गंगा पोहणारा माणूस टबात बुडत होता, हे देवदत्तला कळलं असतं." त्याला हसायचं नाही, भावजी. हसलात तर मला कळेल.

मी रागवायचं की पाया पडायचं, मला अजून समजत नाही. रोहनला सांगायचं की नाही तेही समजत नाही. काठाला धरायला दांड्या बसवणारा मिस्त्री उद्या येतोय, तेवढं मात्र केलंय. आणि काल, परवा, आज, तीन दिवस हे बसलेत. पाय अजून दुखतो, पण हलतो. डॉक्टर म्हणाले, चालू ठेवा.

त्या दिवशी मी थोड्या वेळानं बाहेर निघायला लागले, साडी पिळून वाळत घालावी म्हणून. हे म्हणाले, कुठे निघालीस? म्हटलं, खालीच आहे. मशीन लावणार नाही, दार उघडं ठेवते, हाक मारा, लगेच येते. तर म्हणाले, "हाक मारावी लागणार नाही इतकी जवळ बस." सत्यनारायण सोडला तर ह्यांनी मला कधी शेजारी बस म्हटलं नव्हतं.

मग बसले मी.

बकुळ